दुपाररावांची सकाळ

आमच्या दवाखान्यात कवळ्या बनवणाऱ्या माणसाला दुपारराव हे नाव मी ठेवलं, आणि ते काही प्रेमानं ठेवलं नव्हतं. तोंडावर मी त्यांना भाऊ म्हणायचे, पाठीमागे दुपारराव. नाव इतकं चिकटलं की एकदा थोरल्या डॉक्टरांनीच भर दवाखान्यात "दुपारराव, जरा बाहेर या" अशी हाक मारली. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण भाऊ नुसतं "हं" म्हणाले आणि उठून आले. सकाळचे साडेनऊ वाजले होते, आणि त्या वेळेला त्यांची गाडी "हं"च्या पुढे जात नसे.

दातांचा दवाखाना आहे आमचा. पुढच्या खोलीत माझं टेबल, मधे डॉक्टरांची खुर्ची, मागे भाऊंची खोली. गेली चोवीस वर्षं मी त्या टेबलावर बसते. फोन घेते, नंबर लावते, घाबरलेल्यांना धीर देते आणि उशिरा येणाऱ्यांना बोलते. पहाटे पाचला मला आपोआप जाग येते. साडेसातला दवाखान्याचं कुलूप मी उघडते आणि आठला पहिला पेशंट पायरी चढतो तेव्हा माझं निम्मं काम उरकलेलं असतं. हे मी कौतुकानंच सांगते, लपवायचं कशाला? सकाळी उठणारा माणूस तेवढा कामाचा, बाकीचे आळशी, असं माझं सरळ मत होतं. आमच्या ह्यांनाही मी लग्न झाल्यापासून सहाला उठवत आले आहे. ते अजून कुरकुर करतात.

भाऊ नऊच्या ठोक्याला हजर असायचे, एवढं मान्य करायला हवं. पण हजर म्हणजे अंगानं. डोळे अर्धे मिटलेले, चष्मा कपाळावर आणि हात खिशात चष्मा शोधतोय. आल्यावर आधी ओटा पुसायचे. मग पुसलेला ओटा परत पुसायचे. मग डॉक्टरांनी घेतलेल्या ठशांमध्ये प्लास्टर ओतायचं, आदल्या दिवशीचे जबडे घासायचे, रबरी वाट्या विसळायच्या, मेण कोरायच्या सुऱ्या ओळीनं मांडायच्या. माझ्या टेबलावरून मागच्या खोलीचं दार सरळ दिसतं. खरं काम तसंच पडलंय आणि हे गृहस्थ भांडी घासतायत, हे बघून माझा जीव वरखाली व्हायचा.

खरं काम म्हणजे दात बसवणं. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेतात. त्यात प्लास्टर ओतलं की त्या माणसाचा जबडा हातात येतो, पांढरा, तळहाताएवढा. त्यावर गुलाबी मेण थापायचं आणि त्या मेणात एकेक दात बसवायचा. पेशंटनं घालून बघितलं, पसंत पडलं, की मग मेणाच्या जागी पक्की कवळी होते. बाकी सगळी नुसती मेहनत. पण दात कुठे, किती तिरका, किती पुढे, यात सगळी कला असते. कवळी घालून माणूस स्वतःसारखा दिसेल की दुसऱ्याच कुणासारखा, ते तिथे ठरतं.

एकदा तर भाऊंनी कमाल केली. माझा चहाचा कप विसळून देतो म्हणून घेऊन गेले आणि रबरी वाटी समजून त्यातच प्लास्टर कालवलं. लक्षात येईपर्यंत ते घट्ट झालं होतं आणि चमचा आत उभा राहिला होता. मी तो कप त्यांच्या नाकासमोर धरला. त्यांनी तो बघितला, विचार केला आणि म्हणाले, "हं." तो कप चमच्यासकट आजही माझ्या टेबलावर आहे. कागद उडू नयेत म्हणून ठेवते.

त्यांची बायको एकदा दाढ काढायला आली होती. मी तिला हळूच विचारलं, "घरीसुद्धा असेच का हो?"

"आमच्या लग्नाचे फोटो बघा कधीतरी," ती म्हणाली. "सकाळच्या सगळ्या फोटोंत डोळे मिटलेले. मला वाटलं, कुणाला करून घेतलं मी. संध्याकाळच्या फोटोंत मात्र नवरा आहे."

तिचं म्हणणं खरं होतं. दुपारी तीनच्या पुढे हा माणूस बदलायचा. मागच्या खोलीला एकच खिडकी, तीही पश्चिमेला. चारच्या सुमाराला ऊन ओट्यावर यायचं, आणि भाऊ बाह्या सारून, चष्मा नाकावर ठेवून, गुणगुणत दात बसवायला घ्यायचे. जबड्यांशी बोलायचे. "आजोबा, तुम्ही सगळं डावीकडून चावता. उजवीकडची दाढ कधीपासून दुखत होती?" असं प्लास्टरला विचारायचे, आणि दुसऱ्या दिवशी आजोबांना विचारलं तर ते खरं निघायचं. साठीच्या माणसाला ते कधी विशीतले चकचकीत दात देत नसत. "मग दात आधी दिसतात आणि माणूस नंतर," म्हणायचे. तीननंतर मी मात्र जरा सैलावते. पहाटे पाचपासून पायावर असलेल्या माणसाचं तेवढं चालायचंच, असं मी स्वतःला सांगत असे.

भाऊंची एक सवय होती. प्लास्टर ओतलं की तासभर त्याला हात लावायचा नसतो, म्हणून ते वेळ लिहून ठेवत. जबडा ठशातून सुटला की तीच वेळ पेन्सिलीनं त्याच्या तळाला लिहीत आणि तिच्याखाली, दात बसवले की, त्याचीही वेळ. का, ते त्यांनाच माहीत. जबड्याच्या बाजूला पेशंटचं नाव लिहायचं काम माझं, कारण अक्षर माझं चांगलं. चिठ्ठ्यांवरून बघून शाईनं नावं लिहायची आणि जबडे परत ओट्यावर ठेवायचे. आणखी एक सवय माझी स्वतःची होती. एखादी कवळी तक्रार होऊन परत आली की तिच्या जबड्यावर मी नखांना लावायच्या रंगाचा लाल ठिपका द्यायचे. थोरल्या डॉक्टरांना नको होता तो ठिपका. मीच म्हणायचे, कळायला हवं ना, कुठे चुकलं ते.

पुढे थोरल्या डॉक्टरांचा हात थरथरायला लागला आणि त्यांनी एका दिवसात खुर्ची सोडली. मुलगी आली. लहानपणी माझ्या टेबलाखाली बाहुल्यांचे दात काढत खेळलेली ती. पेशंटसमोर मी तिला डॉक्टर म्हणते, एरवी अगंतुगं. ती मला मावशी म्हणते, भाऊंना काका. कामाला चोख, बोलायला थेट. पहिल्याच आठवड्यात तिनं मला आत बोलावलं.

"मावशी, कवळीच्या पेशंटला आपण फार खेटे घालायला लावतो. संध्याकाळी काका दात बसवणार, म्हणजे घालून बघायला माणूस दुसऱ्या दिवशी येणार. हे सकाळीच झालं तर?"

मला हेच तर हवं होतं. मी म्हटलं, "सकाळी डोकं ताजं असतं. भाऊंना आठला बोलव आणि दात बसवायचं काम आधी करायला लाव. भांडी काय, दुपारी घासता येतात."

हे वाक्य मी नंतर पुष्कळ वेळा आठवलं आहे.

तिनं मलाच वेळापत्रक करायला सांगितलं. मी जाड कागदावर, दोन रंगांच्या पेनांनी, पट्टी धरून ते लिहिलं आणि मागच्या खोलीच्या दाराशी लावलं. दात बसवणे, आठ ते अकरा. सफाई व इतर, तीन ते सहा. भाऊंनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि वरपासून खालपर्यंत वाचलं. मी भांडणाच्या तयारीनं उभी होते.

"अक्षर छान आहे, ताई," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आठला पाच मिनिटं कमी असताना ते पायरीवर उभे होते. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. चोवीस वर्षांत जे जमलं नाही ते एका कागदानं केलं. घरी जाऊन ह्यांनाही सांगितलं. हे म्हणाले, "बिचारा." मी म्हटलं, बिचारा कसला, सवय होईल.

सवय झाली नाही. भाऊंनी कुरकुर केली नाही, उशीर केला नाही, एक दिवस रजा घेतली नाही. आठला यायचे, तोंडावर पाणी मारायचे, परत मारायचे आणि दात हातात घ्यायचे. पहिल्या आठवड्यात एका शिंप्याची कवळी बोलताना खटखट वाजते म्हणून परत आली. दुसऱ्या आठवड्यात एका आजींच्या समोरच्या दातांत एक दात वेगळ्याच रंगाचा निघाला. तीन आठवड्यांत पाच कवळ्या परत आल्या. आधी वर्षाकाठी तीन-चार येत, त्याही बहुतेक घाईच्या. मी ठिपके देत गेले. आणि दुपारी चार वाजता, ओट्यावर ऊन आलेलं असताना, डोळे टक्क उघडे असलेले भाऊ रबरी वाट्या घासत असायचे. त्यांच्या हाताला दुसरं काही नसायचं. गुणगुणणं बंद झालं होतं. मी ते बघायचे आणि फोन नंबरांचा कागद वाचायला लागायचे.

मग मोठ्या बाईंची कवळी झाली. बाई इथल्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली. आमच्या डॉक्टरीणबाई त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. बाईंचा वरचा एक दात जन्मभर वाकडा होता, शेजारच्या दातावर चढलेला. सगळे दात गेल्यावर कवळीचं ठरलं तेव्हा त्यांनी निक्षून सांगितलं होतं, "सरळ दात मला नकोत. वाकडा होता तसा वाकडाच ठेवा. तो नसला तर माझी मुलं मला ओळखायची नाहीत." मुलं म्हणजे शाळेतली, आता चाळिशी-पन्नाशीची. भाऊंनी त्यांचा जुना फोटो मागून घेतला होता आणि ओट्यासमोर भिंतीला लावला होता.

कवळी घालून बघायला बाई आरशासमोर बसल्या. हसल्या. मग हसणं हळूहळू पुसलं गेलं. बराच वेळ आरशात बघत राहिल्या.

"अगं," त्या डॉक्टरला म्हणाल्या, "माझा वाकडा दात उजवीकडे होता ना? हा डावीकडे आहे. त्याची बदली केलीत का तुम्ही?"

जबडा ओट्यावर आपल्याकडे तोंड करून ठेवला की त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. या धंद्यात शिकायला आलेला पोरगाही पहिल्या दिवशी हे शिकतो. भाऊंनी तीस वर्षांनंतर ती चूक केली होती, सकाळी साडेआठ वाजता. बाई रागावल्या नाहीत, हेच वाईट झालं. त्यांनी कवळी काढून रुमालात ठेवली आणि ओठांवर हात धरून म्हणाल्या, "करा सावकाश. मला घाई नाही."

त्या गेल्यावर मी मागच्या खोलीत गेले. भाऊ जबडा हातात घेऊन बसले होते.

"ताई, मला घरी बसवलं तरी चालेल," ते म्हणाले. "पण त्या बाईंचं हसू मी चुकवायला नको होतं."

मी ओट्यावर पडलेला मेणाचा चुरा पुसून घेतला आणि बाहेर आले.

त्याच शुक्रवारी डॉक्टरनं मला परत आत बोलावलं. तिचं ठरलं होतं. पुढच्या महिन्यापासून कवळ्या बाहेरच्या एका मोठ्या लॅबकडून करून घ्यायच्या. ठसे पाठवायचे, कवळ्या येणार. मागच्या खोलीत दुसरी खुर्ची टाकता येईल.

"आणि भाऊ?"

"काकांना आता झेपत नाही, मावशी. मलाही वाईट वाटतंय. सोमवारी मी त्यांच्याशी बोलेन. तोवर तू ते जबड्यांचं कपाट रिकामं करून ठेव."

भाऊ चोपन्न वर्षांचे. डोळ्यांना जाड चष्मा. हातात ही एकच विद्या. चोपन्नाव्या वर्षी त्यांना दुसरीकडे कोण उभं करणार होतं? आणि हे सगळं माझ्या त्या दोन रंगांच्या कागदानं झालं होतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी मूग गिळून बाहेर आले. मनाशी म्हटलं, वय झालं असेल त्यांचं. डॉक्टर म्हणते ना.

रविवारी दवाखाना बंद असतो. मी सकाळी सातला जाऊन कपाट उघडलं. तीन वर्षांचे जबडे होते, दाटीवाटीनं. दोन गोण्या आणल्या होत्या. लाल ठिपक्यांचे जबडे बाजूला काढायचं ठरवलं, कारण तक्रारीचे पेशंट परत येऊ शकतात. ते मी ओट्यावर ठेवत गेले, उपडे, म्हणजे तळ वर. आणि तिसरा-चौथा ठेवताना माझा हात थांबला. दात बसवल्याची वेळ, साडेआठ. शेजारच्यावर, सव्वानऊ. त्याच्या शेजारी, दहा. मग आठ चाळीस.

मी गोण्या परत रिकाम्या केल्या. सकाळी माझं डोकं चालतं, हे मी आधीच सांगितलं. सगळे जबडे जमिनीवर मांडले, दात बसवल्याच्या वेळेप्रमाणे ओळीनं, भिंतीपासून थेट माझ्या टेबलापर्यंत. एकशे त्रेचाळीस. त्यातले अकराच्या आत बसवलेले एकवीस, गेल्या तीन आठवड्यांतले आणि आधीच्या वर्षांतले घाईचे धरून. एकवीसमध्ये लाल ठिपके तेरा. उरलेल्या एकशे बावीस जबड्यांवर ठिपके दोन.

म्हणजे नऊ ते अकरा भांडी घासत बसणारा हा माणूस आळशी नव्हता. आपला हात केव्हा चालतो आणि केव्हा नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. जे काम झोपेतही बिघडणार नाही ते तो सकाळी करत होता आणि लोकांचं हसू चारच्या उन्हासाठी राखून ठेवत होता. मी त्याचा दिवस उलटा करून टाकला आणि वर अक्षराचं कौतुक करून घेतलं.

उठून कमरेवर हात ठेवून ती रांग बघत होते, तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. पुढच्या दारातून आलेल्या उजेडात काही जबड्यांची बाजू जरा वेगळी चमकत होती. एक उचलला. नावाची जागा सुरीनं अलगद खरवडलेली होती आणि त्यावर परत नाव लिहिलेलं होतं. माझ्याच शाईनं, माझ्याच वळणानं. पण मी नाव लिहिते तेव्हा वरची रेघ शेवटी एकदम ओढते, एका दमात. ही रेघ अक्षराअक्षराला थांबत गेली होती. असे अकरा जबडे सापडले. तळ बघितले. प्लास्टर ओतल्याची वेळ प्रत्येकावर दोननंतरची. म्हणजे मी नावं घातली ती तीनच्या पुढे, चारच्या पुढे.

अकरा वेळा मी एकाचं नाव दुसऱ्याच्या जबड्यावर लिहिलं होतं. भाऊंनी तोंडं ओळखून नावं बदलली होती आणि मला कळू नये म्हणून माझं अक्षर गिरवलं होतं.

ते अकरा जबडे गोणीत टाकले असते तर कुणालाही कळलं नसतं. भाऊंची बाजू मांडायला ठिपके पुरे होते. मी पाच-सहा जबडे गोणीजवळ नेलेसुद्धा, खोटं कशाला सांगू? चोवीस वर्षं मी या दवाखान्यात चूक न करणारी बाई म्हणून वावरले होते. मग मला माझीच लाज वाटली. आणले परत आणि ठेवले रांगेत, खरवडलेली बाजू पुढे करून.

सोमवारी साडेसातला मी डॉक्टरला फोन करून बोलावून घेतलं. ती जबड्यांच्या रांगेच्या कडेकडेनं चालत गेली, वाकून तळ बघत. दोनदा मोजलं तिनं. वडिलांसारखीच आहे, कुणी सांगितलं म्हणून मानत नाही.

"ठिपके जवळजवळ सगळे सकाळचे," ती म्हणाली.

"दोन सोडून सगळे."

"आणि हे? हे का तिरके ठेवलेस?"

"ती माझी चूक आहे," मी म्हटलं. "नावं मी अदलाबदल केली. दुपारची. भाऊंनी दुरुस्त केली."

तिनं एक जबडा उचलला, खरवडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता बोलेल. तिनं तो जागेवर परत ठेवला.

"मावशी, हे बाहेरच्या लॅबला गेलं असतं तर त्यांनी तू लिहिलेलं नाव बघून कवळी केली असती. त्यांना काय माहीत हे तोंड कुणाचं. मी एकाची कवळी दुसऱ्याला घालायला गेले असते, अकरा वेळा."

तेवढ्यात भाऊ आले. आठला पाच कमी. डोळे अर्धे मिटलेले, चष्मा कपाळावर. दारात पाऊल टाकलं आणि समोर जमिनीवर एकशे त्रेचाळीस जबडे.

"हं?" ते म्हणाले. प्रश्नचिन्हासकट मी तो पहिल्यांदाच ऐकला.

"काका, तुम्ही घरी जा," डॉक्टर म्हणाली.

भाऊंनी चष्मा खाली घेतला. माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. मग हळूच विचारलं, "आजच्या दिवस, की…"

"नाही हो," ती म्हणाली, "झोपा जाऊन. अकराला या. उद्यापासून रोज अकराला या."

भाऊ तरीही उभेच राहिले. सकाळी आठ वाजता एवढं सगळं त्यांच्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं. शेवटी मी त्यांना कोपराला धरून पायरीपर्यंत नेलं आणि म्हटलं, "भाऊ, जा. सगळं ठीक आहे. मी चुकले होते." यातलं त्यांना किती कळलं देव जाणे, पण गेले. अकराला आले तेव्हा त्यांना परत सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

नवं वेळापत्रक मी सकाळीच लिहिलं, एकाच रंगानं. दात बसवणे, तीन ते सहा. जबड्यांवर नावे, सकाळी आठ ते अकरा. तीननंतर माझ्याकडे फोन, आणि रबरी वाट्या विसळणे. हे शेवटचं मीच सुचवलं. पेशंटला एक खेप जास्त पडते, पण कवळ्या परत येत नाहीत. नखांच्या रंगाची बाटली मी घरी घेऊन गेले.

गुरुवारी पाच वाजता मोठ्या बाई आल्या. कवळी घातली, आरशात बघितलं, मान इकडे वळवली, तिकडे वळवली. मग पूर्ण हसल्या. उजवीकडचा दात शेजारच्यावर चढलेला होता, ऐटीत.

"बदली रद्द झाली म्हणायची," त्या म्हणाल्या, आणि भाऊ मागच्या दारात उभं राहून पोराटोरासारखे दात काढत होते.

बाई गेल्यावर मी मोरीशी उभी राहून वाट्या विसळत होते. भाऊ पुढचा जबडा घेऊन बसले होते, गुणगुणत. मला राहवलं नाही.

"भाऊ, तुम्ही मला एकदाही सांगितलं नाहीत."

"काय?"

"नावांचं. अकरा वेळा चुकले मी."

त्यांनी मेणावरून सुरी फिरवली, दात जरासा आत दाबला, लांब धरून बघितला.

"अकराच सापडले होय तुम्हाला?" ते म्हणाले.

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. ते हसले नाहीत. मान खाली घालून म्हणाले, "सकाळी तुम्ही किती नीटनेटक्या असता, ते मी अर्ध्या डोळ्यांनी का होईना, रोज बघतो. चार वाजता तुमचे डोळे मिटायला लागलेले असतात. दमलेल्या माणसाला चूक दाखवून काय करायचं, ताई? दुरुस्त करून ठेवायची."

इतकी वर्षं त्यांच्या एकेका चुकीवर मी लाल ठिपका दिला होता.

ओट्याच्या कडेला त्या दिवशीचे दोन जबडे सुटून पडले होते, नाव न घातलेले. सवयीनं मी हात पुसले, चिठ्ठ्या उचलल्या, पेनाचं टोपण काढलं. मग टोपण परत लावलं.

"यांची नावं मी उद्या सकाळी लिहीन," मी म्हटलं.

"लिहा की," भाऊ म्हणाले. "तोवर कुणाचा कुठला, ते माझ्या लक्षात राहील."